मावशीने निवडलेला शंट

माझी मावशी मोटारी बांधते. मोटारी म्हणजे गाड्या नव्हेत; पंख्याच्या, पंपाच्या, मिक्सरच्या जळालेल्या मोटारी. आतली करपलेली तार सोडवायची आणि वेढ्यावर वेढा देत नवी तार भरायची, हे काम ती लग्नाच्या वयापासून करते आहे. त्या नादात लग्न राहिलं ते राहिलंच. बाजारात तिला सगळे गुंडाळीबाई म्हणतात. नावावरून कोणी चेष्टा केली तर ती मान वर न करता म्हणते, "तार गुंडाळते, गिऱ्हाईक नाही."

आई तिची धाकटी बहीण. लहानपणी आईला मोठा ताप आला. त्यातून ती वाचली, पण पायांतली ताकद गेली. शाळेत जायचं वय झालं तेव्हा मावशीने तिला पाठुंगळी घेतलं आणि प्राथमिक शाळा संपेपर्यंत रोज तसंच नेलं. "काटकुळी होती गं," मावशी अजून सांगते, "तिच्यापेक्षा दप्तर जड." आई ते ऐकून हसत नाही. कोणी उचलून नेणं, ढकलत नेणं तिला मुळीच खपत नाही. ती गणिताची शिक्षिका झाली. पुढे हाताने चाक फिरवायच्या खुर्चीने खांदे धरायला लागले, तेव्हा तिने बॅटरीवर चालणारी खुर्ची घेतली. बाबा बोटीवर नोकरीला, त्यामुळे घरात आम्ही तिघीच: आई, मावशी आणि मी.

आईची शाळा चढावर आहे. आमच्या गल्लीतून निघालं की आधी इस्त्रीवाला, मग पोस्ट, मग पाण्याच्या टाकीची लांबलचक भिंत, आणि भिंत संपते तिथे वळणावर खरा चढ सुरू होतो. त्या चढावर खुर्ची मधेच बंद पडली तर मागेही जाता येत नाही. त्यामुळे बॅटरीत किती जीव उरलाय हे आईला निघण्याआधी कळणं फार गरजेचं होतं.

खुर्चीवर कंपनीने दिलेले पाच दिवे होते. सपाटीवर पाचही हिरवे आणि चढाला लागलं की लाल. चढ संपला की पुन्हा हिरवे. आई वैतागायची. मावशीने एकदा खुर्ची उघडून पाहिली आणि म्हणाली, "हे नुसतं बॅटरीचा चेहरा बघून सांगतंय. ओझं आलं की चेहरा पडणारच. आत किती गेलं आणि बाहेर किती आलं, ते मोजायला हवं."

मोटारी बांधणाऱ्या बाईला हे सहज जमण्यासारखं नव्हतं. पण मावशीच्या डोक्यात एखादं काम शिरलं की ते पुरं होईस्तोवर ती दुसऱ्या कशाला भीक घालत नाही. आईच्या शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या सरांकडे ती सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायची. सर शांत माणूस, शिकवायची हौस असलेले. त्यांनी तिला युक्ती समजावून दिली. करंटच्या वाटेत अगदी छोटासा, नगण्य म्हणावा असा अडथळा ठेवायचा. करंट जितका जास्त, तितका त्या अडथळ्याच्या दोन टोकांमधला व्होल्टेजचा फरक जास्त. तो फरक एक चिप सारखी मोजत राहते आणि बेरीज-वजाबाकी करून बॅटरीत किती उरलंय ते सांगते. त्या अडथळ्याला कामवाले शंट म्हणतात.

मावशीने शंट म्हणून तांब्याची जाड पट्टी लावली. तिच्याकडे तांब्याला काय तोटा? हिशेब जुळवला, सगळं एका डबीत बसवलं आणि डबी खुर्चीच्या सीटखाली घट्ट केली. हँडलवर आकडा दिसायला लागला. आईने आठवडाभर तपासून पाहिला आणि मान डोलावली. आमच्या आईची मान डोलणं म्हणजे इतरांनी टाळ्या वाजवल्यासारखं.

थंडीत मात्र गाडं बिघडलं. एका सकाळी मीटरवर चाळीस टक्के दाखवत होतं आणि आई नेहमीसारखी निघाली. वळणाच्या वर, चढाच्या ऐन मध्यावर खुर्ची थांबली. आकडा अजूनही तीसच्या वर. मागे दुधाची गाडी हॉर्न देत उभी. शेवटी तिच्याच वर्गातल्या मुली धावत आल्या आणि त्यांनी खुर्ची ढकलत शाळेच्या फाटकापर्यंत नेली. मुलींनी ते आनंदाने केलं असणार. पण आई घरी आली तेव्हा तिचा चेहरा दगडासारखा होता.

तिने मावशीपुढे पेचकस ठेवला. "काढून टाक तो मीटर."

"काय झालं ते तर सांग."

"मला आज भाजीच्या गाडीसारखं ढकलत नेलं. ज्या मुलींना मी सांगते की उत्तर तपासल्याशिवाय लिहू नका, त्यांनी ढकलत नेलं. तुझ्या आकड्यावर विसंबून निघाले होते मी."

मावशीने पेचकस उचलून कमरेला खोचला. "काढणार नाही. दुरुस्त करणार."

"आणि तोवर?"

"तोवर चढापुरती टॅक्सी कर, खुर्ची मागे टाकून. पण मीटर राहणार."

दोघी बहिणी दोन दिवस एकमेकींशी कामापुरतं बोलल्या. घरात भांड्यांचा आवाज जरा जास्त यायला लागला.

मावशीला आधी बॅटरीचाच संशय होता. तिने ती पूर्ण भरली, मोजून रिकामी केली, पुन्हा भरली. बॅटरी ठणठणीत. मग चिपवर संशय. नवी चिप लावली, तरी तेच. मावशी कपाळाला हात लावून बसली, तेव्हा अबोला आईनेच सोडला. वह्या तपासता तपासता ती म्हणाली, "ताई, तुझा मीटर सोमवारी खरं बोलतो."

"म्हणजे?"

"रोजचे आकडे मी टिपून ठेवले होते, ते जुळवून पाहिले. सोमवारी बरोबर असतो. मंगळवारी जरा जास्त दाखवतो. शुक्रवारपर्यंत थापा मारायला लागतो. चूक वेडीवाकडी नाहीये. एकाच बाजूला वाढत जाते. म्हणजे आत जाणारं तरी जास्त मोजलं जातंय, नाहीतर बाहेर येणारं कमी."

मावशीने हातातला कप खाली ठेवला. रविवारी आमच्या गल्लीत वीज असायची, म्हणून खुर्ची घरी पूर्ण भरायची, आणि पूर्ण भरली की मीटर आपोआप शंभरावर यायचा. इतर दिवशी मात्र थंडी सुरू झाल्यापासून संध्याकाळी वीज जायला लागली होती, ती पहाटेच यायची. म्हणून आई दुपारी शाळेतच चार्जर लावायची आणि शाळा सुटली की अर्धवट भरलेली खुर्ची घेऊन निघायची.

"शाळेत कुठे लावतेस?"

"मागच्या सायकलींच्या शेडमध्ये. पत्र्याची आहे ना, ती."

दुसऱ्या दिवशी मावशी आपलं दुकान बंद ठेवून त्या शेडमध्ये गेली. सकाळी अंगावर काटा आणणारी थंडी आणि दुपारी त्या पत्र्याखाली भट्टी. चार्जरही तापलेला, खुर्चीला टेकूनच ठेवलेला. तिने सीटखाली हात घालून डबीला लावला आणि झटकन काढला.

घरी आल्यावर तिने एक साधा प्रयोग केला. पट्टीतून ठरावीक करंट सोडला, मीटरवरचा आकडा बघितला, आणि माझ्या केस वाळवायच्या यंत्राने पट्टीवर गरम वारा सोडला. करंट तोच, पण मीटरवरचा आकडा हळूहळू चढायला लागला. यंत्र बंद केलं, आकडा पुन्हा खाली आला.

"हीच ती चोरटी," मावशी पट्टीकडे बोट दाखवून म्हणाली.

तांबं तापलं की त्याचा अडथळा वाढतो. दुपारच्या उकाड्यात बॅटरीत जेवढं जात होतं त्यापेक्षा मीटर जास्त मोजत होता, आणि सकाळच्या थंडीत चढावर खर्च होणारं उलट थोडं कमीच मोजत होता. रोज थोडं थोडं खोटं साठत जायचं आणि शुक्रवारी ते आईच्या पदरात पडायचं.

सरांना सांगितलं तेव्हा ते स्वतःवरच चिडले. "हे मी आधी बोलायला हवं होतं. तांब्याचा आकडा फार मोठा असतो हो. एक अंश तापमान वाढलं की अडथळा दहा लाखात जवळपास चार हजारांनी वाढतो. तुम्हाला असा धातू हवा, ज्याचा हा आकडा शंभराच्याही खूप खाली असेल."

तिथून मावशीची शोधाशोध सुरू झाली. बाजारात सुटे भाग विकणाऱ्या काकांचं दुकान आहे, छतापर्यंत ड्रॉवर लावलेलं. काकांनी एक छोटा चौकोनी रेझिस्टर, म्हणजे तयार अडथळा, काढून दिला. "एक टक्कावाला आहे. ह्याहून अचूक काय पाहिजे?"

मावशीने तो आणून प्रयोग केला. थंड असताना अगदी नेमका. गरम वाऱ्यात पुन्हा सरकायला लागला, तांब्याइतका नाही, पण आईला चढावर फसवायला पुरेल इतका. ती परत दुकानात.

"काका, हा बदलतो."

"अहो, एक टक्का लिहिलंय त्यावर."

"ते एक टक्का खोलीतल्या हवेपुरतं. बनवताना किती नेमका कापला, एवढंच ते सांगतं. तापल्यावर तो तसाच राहील का, हा वेगळा आकडा असतो. तो दाखवा."

काकांनी चष्मा पुसला. अशा प्रश्नाला त्यांना इतक्या वर्षांत तोंड द्यावं लागलं नव्हतं. पण माणूस दिलदार. माहितीपत्रकांचा गठ्ठा त्यांनी तिच्यापुढे टाकला आणि स्टूल दिलं. मावशीचं इंग्रजी बेताचं. मी कॉलेजातून येताना तिथे थांबायचे, ती बोट ठेवायची त्या ओळी वाचून दाखवायचे, आणि आकडे मात्र ती स्वतःच वाचायची.

मधे तिने सिमेंटच्या आवरणातला मोठा पांढरा रेझिस्टरही लावून बघितला. त्याचा अडथळा फार. चढावरचा करंट त्यातून सोडल्याबरोबर तो असा तापला की वर ठेवलेला प्लास्टिकचा चमचा वाकला. तो दिवस हसण्यात गेला, पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली. शंट नुसता बाहेरच्या उन्हाला दाद न देणारा असून भागत नाही. स्वतःच्या अंगच्या उष्णतेनेही तो तापता कामा नये. म्हणजे अडथळा कमी हवा. पण फार कमी केला तर मिळणारं व्होल्टेज इतकं चिमुकलं होतं की चिपला ते धड वाचताच येत नाही. मावशी कागदावर आकडे मांडायची, खोडायची, पुन्हा मांडायची. आई न विचारता तिच्या मागून बघायची आणि एखाद्या गुणाकारावर नुसतं बोट ठेवायची. तिथे चूक असायची.

शेवटी निवड ठरली. अर्ध्या मिलिओहमचा, म्हणजे अगदी नगण्य अडथळ्याचा, रुंद अंगाचा, मँगेनीन नावाच्या धातूची पट्टी असलेला शंट. तांबं, मँगनीज आणि थोडं निकेल एकत्र वितळवून हा धातू करतात, आणि तापमानाने तो फारसा हलत नाही. काकांकडे तो नव्हता. त्यांनी बाहेरून मागवला. दोनदा चुकीचा आला. दुसऱ्यांदा काका म्हणाले, "आता हाच चालवून घ्या की. दिसायला तर तसाच आहे."

"दिसायला तांब्याची पट्टीही बरी होती," मावशी म्हणाली आणि तो तिथेच ठेवून आली.

तिसऱ्यांदा खरा आला. मावशीने त्या संध्याकाळी डबीतल्या सर्किटच्या बोर्डावर तो बसवला. कथिल वितळवून दोन रुंद, चकचकीत डाग दिले आणि गरम वारा सोडला. आम्ही तिघी आकड्याकडे टक लावून बसलो. आकडा थोडा वेळ स्थिर राहिला. मग सरकला.

मला तेव्हा वाटलं, आता मावशी हात टेकणार. तिने यंत्र बंद केलं, उठून तोंड धुतलं आणि पदर खोचून परत येऊन बसली. "धातू लबाड नाहीये," ती म्हणाली. "लबाडी आमच्या कामात आहे कुठेतरी."

रविवारी सर घरी आले. त्यांनी बोर्ड उलटसुलट करून पाहिला आणि एकच प्रश्न विचारला. "तुम्ही मोजताय ते नेमकं कुठून कुठपर्यंत?"

मावशी बोट ठेवून दाखवायला गेली आणि मधेच थांबली. चिपकडे जाणाऱ्या मोजणीच्या तारा तिने डागांच्या बाहेर, बोर्डावरच्या तांब्याच्या रुंद पट्ट्यांना जोडल्या होत्या. म्हणजे मोजणीत मँगेनीनबरोबर दोन्हीकडचं थोडं तांबं आणि कथिलही येत होतं. शंटचा अडथळा इतका छोटा की तेवढं थोडंसुद्धा भारी पडत होतं.

"अगंबाई," ती हळूच म्हणाली. "धातू बदलला आणि तांबं दारातच बसवून ठेवलं."

"माझ्या विद्यार्थ्यांना मी हे दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी अर्धे चुकतात," सर म्हणाले. "करंटची वाट वेगळी, मोजणीची वाट वेगळी. मोजणीच्या तारा थेट त्या पट्टीच्या अंगाजवळून, आतल्या बाजूने घ्या."

मावशीने बोर्ड नव्याने केला. दोन जाड रस्ते करंटसाठी, दोन केसासारख्या बारीक वाटा मोजणीसाठी. बारीक तार हाताळायची तिला जन्माची सवय, त्यामुळे हे काम तिने एका बैठकीत उरकलं. नवा बोर्ड तिने पत्र्याच्या डब्यात ठेवला. डब्यात एक दिवा लावून आतली हवा त्या शेडइतकी तापवली, मग दिवा काढून भोवती बर्फाच्या पिशव्या रचल्या. करंट तोच ठेवला होता. आकड्यातलं शेवटचं घर तेवढं किंचित हललं. बाकी आकडा जागचा हलला नाही.

मावशीने आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "पुन्हा तापव."

मावशीने पुन्हा तापवला, पुन्हा गार केला. आई प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने वाचायची. शेवटी ती म्हणाली, "बसव खुर्चीला. पण रविवारी पूर्ण भरायची नाही. शुक्रवारी काय म्हणतो ते बघायचंय मला."

तिने दोन आठवडे खुर्ची मुद्दाम अर्धवट भरत ठेवली आणि त्याच पत्र्याच्या शेडमध्ये लावली. दुसऱ्या शुक्रवारी मावशीने बॅटरी सोडवून वेगळ्या उपकरणाने तपासली. मीटर सांगत होता तेवढंच आत होतं. फरक असला तर नखाएवढा. त्या दिवशी आईने टॅक्सीवाल्याला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

पुढे परीक्षांचा हंगाम आला. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या केंद्रावर पेपर तपासायला आईला दरवर्षी बोलावणं यायचं आणि ती दरवर्षी काहीतरी कारण सांगून टाळायची. खरं कारण अंतर. वाटेत पूल, पुलाला चढ, आणि केंद्रावर चार्जर लावायची सोय नाही. ह्या वर्षी तिने होकार कळवला. मी म्हटलं, मी बरोबर येते. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं.

आई निघाली त्या दिवशी मावशी नेहमीसारखी आपल्या दुकानात गेली. मी दुपारी डबा द्यायला गेले तेव्हा तिने एका पंख्याचं गुंडाळलेलं सगळं उलगडून पुन्हा भरायला घेतलं होतं. वेढे मोजण्यात ती चुकली होती. माझ्या उभ्या जन्मात मी हे पाहिलं नव्हतं.

"फोन करू का आईला?" मी विचारलं.

"नको. तिला वाटेल आपल्याला भरवसा नाही." मग जरा वेळाने, "वारा किती आहे गं पुलावर?"

आईचं गणित तिच्या डोक्यात पक्कं होतं. सकाळी पुलापर्यंत किती खर्च होतो ते तिने बघितलं, पूल चढल्यावर किती होतो ते बघितलं, आणि परतीला तेवढंच लागलं तर किती उरेल ते ठरवलं. पेपर तपासून निघताना तिच्या सहशिक्षिकेने गाडीतून सोडते म्हटलं. आईने मीटरवरचा आकडा बघितला आणि नको म्हणाली. पुलाच्या मध्यावर समोरून वारा होता. आकडा तिने ठरवल्यापेक्षा जरा भराभर उतरायला लागला. तेव्हा तिने वेग कमी केला आणि सावकाश, कडेकडेने, मागच्यांना पुढे जाऊ देत पूल उतरली. नंतर तिने आम्हाला सांगितलं की घाबरायला झालं नाही. किती आहे ते ठाऊक होतं, म्हणून काय करायचं तेही ठाऊक होतं.

उन्हं कलायच्या आधी ती मावशीच्या दुकानासमोर येऊन थांबली. मीटरवर नऊ टक्के होते.

मावशी बाहेर आली. तिने आईकडे पाहण्याआधी खाली वाकून डबीला हात लावला. गरम होती. मग हँडलवरचा आकडा बघितला, आणि मग आईकडे.

"घरी पोचायला चार पुरतील," आई म्हणाली.

"पाच धर," मावशी म्हणाली. "गल्लीत खड्डे आहेत."

दोघी हसल्या. मग मावशी हातातली तार ठेवायला आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी डोकावले तर ती आत पाठमोरी उभी राहून नाक पुसत होती.

आता मावशीच्या दुकानात एका बाजूला मोटारी असतात आणि दुसऱ्या बाजूला खुर्च्या. आईच्या ओळखीतून आधी एक आजोबा आले, मग एक तरुण शिंपी, मग दवाखान्यातून कोणी कोणी. मीटर ती सगळ्यांना स्वतः बसवून देते आणि प्रत्येक मीटर गरम डब्यात आणि बर्फात घालून तपासूनच देते. सुटे भागवाले काका आता तोच शंट दुकानात ठेवतात. मागे एकदा माल संपला होता तेव्हा त्यांनी दुसरा, तसाच दिसणारा पाठवून दिला. मावशीने तो तापवून पाहिला आणि आलेल्या माणसाच्या हाती परत पाठवला. शिंपीदादाची खुर्ची त्यासाठी दोन आठवडे दुकानात पडून राहिली. तो रोज येऊन विचारायचा, आणि ती रोज त्याला चहा पाजून परत पाठवायची.

"ताई, कुठलाही बसवा हो आता," तो शेवटी कंटाळून म्हणाला.

"तुम्ही सदरा शिवताना कुठलाही धागा घालता का?" मावशीने विचारलं.

त्याने दुसरा कप मागितला आणि मोटारींच्या बाजूच्या बाकावर बसून राहिला.